लेखकाला हे कसे कळले?

कथेच्या तासाला पुढे काय होणार ही उत्सुकता आयतीच हाताशी असते. समकालीन ललितेतर गद्याच्या तासाला ती सोय नाही. शिक्षक लेख वाचून दाखवतात, मुद्दे फळ्यावर येतात, मुले ते उतरवून घेतात आणि थोड्याच वेळात ‘सर, हे परीक्षेला आहे का?’ असा प्रश्न येतो. दोष विषयाच्या रुक्षपणावर ढकलला जातो, पण खरी अडचण वेगळी असते. लेख वर्गात येतो तो वाद मिटलेली, पाठ करायची माहिती म्हणून. प्रत्यक्षात तो कुणीतरी केलेला दावा असतो आणि दावा म्हटला की त्याची उलटतपासणी करता येते. लेखकाला हे कसे कळले, तो कुणाला भेटला, कुणाला भेटलाच नाही, हे प्रश्न सुरू झाले की मागचे बाकही बोलू लागतात.

म्हणून निवडीपासून जपावे लागते. अनिल अवचटांचे असंघटित कामगारांवरचे लेख वर्गात चालतात, कारण लेखक कुठे गेला, कुणाशी काय बोलला हे त्यांत उघड दिसते. २०१४ साली पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातले वृत्तांत मराठीतही मोफत वाचायला मिळतात. अख्खे पुस्तक नेमण्यापेक्षा तीन-चार पानांचा पूर्ण लेख बरा.

वाचनाआधी मुलांना त्या विषयाचे काय ठाऊक आहे, हे काढून घेण्याची एक पद्धत अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डोना ओगल यांनी १९८६ साली मांडली. फळ्यावर तीन रकाने : काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचे आहे, काय कळले. मधल्या रकान्यात मुले बहुधा शिक्षकांना आवडेल तेच लिहितात. पहिला रकाना मात्र सोन्यासारखा असतो. फक्त त्यातल्या चुकीच्या समजुती लगेच पुसायच्या नाहीत. वाचताना त्या आपोआप अडखळतात.

त्याहून गुणकारी पद्धत १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात आकाराला आली. तिथल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले नुकतीच एका वर्गात आली होती आणि वातावरण तापलेले होते. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाठाचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. उरलेला पाठ कळायचा तर सोबत्यांचे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. ‘जिगसॉ’ म्हणून ती ओळखली जाते.

महाराष्ट्रातल्या वर्गात ती दुष्काळावरच्या लेखाला चपखल बसते. एका गटाकडे पावसाचे आकडे, दुसऱ्याकडे टँकर, तिसऱ्याकडे १९७२च्या दुष्काळातून वाढलेली आणि १९७७ साली कायद्यात आलेली रोजगार हमी, चौथ्याकडे पैसेवारी. पैसेवारीचा गट बहुतेक वेळा गाजतो. शहरी मुलांना मुळात रुपया कशाचा हेच कळत नाही. माण-खटावकडचे एखादे मूल सांगते : पूर्ण पीक म्हणजे रुपया, निम्मे म्हणजे पन्नास पैसे, पन्नासच्या आत आले तर गाव टंचाईत धरायचे. मग अठ्ठेचाळीस पैशांचे गाव आणि बावन्न पैशांचे गाव यांत असा काय फरक, पीक कापणीसाठी शेत कुणी निवडले, विहीर असलेले की कोरडवाहू, असे प्रश्न निघतात. केंद्र सरकारच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहांवरून दिसणारी पिकांची स्थिती हे निकष पुढे आले. जुनी रीत आणि नवी रीत समोरासमोर ठेवली की लेखातला एक आकडा कसा तयार होतो, हे वर्गाला दिसते. इतका वेळ गप्प बसलेल्या गावाकडच्या मुलाचा शब्द त्या तासाला वजनदार ठरतो, हा लाभ वेगळाच.

आत्मकथनांच्या बाबतीत मात्र हा उत्साह आवरावा लागतो. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०) किंवा ‘आयदान’ (२००३) वाचताना त्या-त्या समाजातल्या विद्यार्थ्याकडे वळून ‘तू सांग’ म्हणणे म्हणजे त्याला वर्गापुढे नमुना म्हणून उभे करणे. तो आपणहून बोलला तर ऐकावे. चर्चा मजकुरावरच ठेवावी : लेखक किंवा लेखिका कोणत्या वयातले आठवते आहे, कुठे स्वतःलाही सोडत नाही, कुठे थांबते.

एवढे करूनही परीक्षेत ‘लेखाचा सारांश लिहा’ हाच प्रश्न आला, तर पुढच्या वर्षीची मुले पहिल्या दिवशीच गाइड घेऊन बसतात. त्यापेक्षा न वाचलेला ताजा लेख द्यावा, त्यातले एक विधान निवडायला सांगावे आणि ते तपासण्यासाठी कुठे जाल, कुणाला काय विचाराल हे लिहून घ्यावे. अशी उत्तरे तपासायला वेळ जास्त लागतो; मोठ्या वर्गांत अडते ते इथेच.