तालचिन्हांचे वाचन

स्वरलिपीसह छापलेले एखादे समूहगीत हाती आले म्हणजे शिक्षक प्रथम शब्द पाठ करतात, मग पेटीवर स्वर शोधतात. स्वरांच्या ओळीखाली छापलेल्या ×, २, ०, ३ या चिन्हांकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. क्वचित् ती वाचली गेली, तर ‘२’ म्हणजे दुसरी मात्रा अथवा दोन टाळ्या असा अर्थ लावला जातो. मग गीत एका वजनाने चालते, टाळी भलत्याच ठिकाणी पडते आणि दोष मुलांच्या माथी येतो. यास्तव या चिन्हांचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

ही चिन्हे पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीतील होत. ताल मोजण्याचे परिमाण म्हणजे मात्रा. मात्रांच्या लहान गटास खंड म्हणतात व दोन खंडांमध्ये उभी रेघ असते. सर्व खंड मिळून एक आवर्तन होते. आवर्तनाची पहिली मात्रा ही सम. तिची खूण ×. समेची टाळी पहिली धरून पुढील टाळ्यांना २, ३ असे अनुक्रमांक दिलेले असतात. ज्या खंडाच्या आरंभी टाळी न देता हात बाजूला न्यावयाचा, तेथे ० हे चिन्ह असते. त्यास काल किंवा खाली म्हणतात. उदाहरणार्थ, झपताल पाहावा :

मात्रा : १ २ | ३ ४ ५ | ६ ७ | ८ ९ १०
बोल : धिं ना | धिं धिं ना | तिं ना | धिं धिं ना
चिन्ह : × | २ | ० | ३

येथे ‘२’ हा अंक तिसऱ्या मात्रेखाली व ‘३’ हा आठव्या मात्रेखाली आहे. अर्थात् हे अंक मात्रांचे नव्हेत, टाळ्यांचे आहेत. सूलतालाच्याही मात्रा दहाच. परंतु त्यात दोन-दोन मात्रांचे पाच खंड असल्यामुळे त्याची चाल अगदी वेगळी लागते. ताल ओळखावयाचा तो केवळ मात्रांच्या बेरजेवरून नव्हे, तर त्यांच्या विभागणीवरून.

पाश्चात्त्य स्वरलेखनातही हेच तत्त्व आढळते. तेथे ओळीच्या आरंभी दोन अंक एकाखाली एक लिहितात. वरचा अंक एका खंडात किती स्वरमाने मोजावयाची ते सांगतो; खालचा अंक ते मान कोणते हे सांगतो. ४ म्हणजे पूर्ण स्वराचा चतुर्थांश, ८ म्हणजे अष्टमांश. अपूर्णांकांच्या गणितात तीन चतुर्थांश आणि सहा अष्टमांश समान होत. संगीतात मात्र त्यांची चाल समान नाही. तीन चतुर्थांशांत सहा अष्टमांश दोन-दोनांच्या तीन गटांत पडतात, तर सहा अष्टमांशांच्या खंडात ते तीन-तीनांच्या दोन गटांत पडतात. आपल्या दादऱ्याची विभागणी या दुसऱ्या प्रकारासारखी, म्हणजे तीन अधिक तीन अशी असते. समेवर टाळी व चौथ्या मात्रेवर काल. केरव्यात चार-चार मात्रांचे दोन खंड असतात; टाळी पहिलीवर, काल पाचवीवर.

वर्गात आरंभ दादरा व केरवा यांपासून करावा. प्रथम गाणे बाजूस ठेवून मुलांकडून मात्रा मोठ्याने मोजून घ्याव्यात व हाताने टाळी-काल दाखवून घ्यावेत. नंतर त्याच मोजणीवर गीताचे शब्द नुसते म्हणावेत आणि शेवटी चाल लावावी. गती किती ठेवावी हे ही चिन्हे सांगत नाहीत. ती लयीची बाब असून मुलांच्या दमाला झेपेल अशी लय शिक्षकांनी ठरवावी. एकदा धरलेली लय मात्र मध्येच बदलू नये.

भजनाच्या घरात वाढलेल्या किंवा लेझीम खेळणाऱ्या मुलाच्या अंगी वजनाची जाण पुष्कळदा आधीच असते. अशा मुलाची टाळी वर्गाहून निराळी पडली, तर त्याला ताल नाही असा शिक्का मारण्यापूर्वी शिक्षकांनी पुस्तकातील चिन्ह पुन्हा एकदा पाहावे. चूक मुलाची नसून वाचनाची असण्याचा संभव असतो; आणि ‘तुला गाता येत नाही’ हे शाळेत एकदा ऐकलेले वाक्य पुष्कळांना जन्मभर गप्प बसविते.