ट्रॅक्टरचालक, बाटली आणि कोर्टाची तारीख



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय वेगळा आहे. तो लिहिताना हात जरा अडखळतो, कारण त्यात आमची स्वतःची बाजूही फारशी चांगली नाही.

गोष्ट गेल्या हंगामातली. जानेवारी महिना, थंडी कडाक्याची. एका सभासदाच्या फडात दिवस मावळता तोड संपली, दोन ट्रॉल्या भरल्या, दोर आवळले. आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. टोळीला खुशाली, चालकाला एन्ट्री. आधी रोख पैसे, मग कोंबडी आणि कोंबडीच्या मागून बाटली. त्या दिवशीही बांधावर चूल पेटली. दुसऱ्या दिवशीच्या तोडीचा कार्यक्रम ठरवायला आम्ही तेथे थांबलो होतो. चालकाच्या हातात क्वार्टर दिलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली. "थंडी आहे हो साहेब, राहू द्या," असे ते सभासद म्हणाले आणि आम्ही राहू दिले.

रात्री साडेदहाला फोन आला. सुरतेहून धुळे-जळगावकडे जाणाऱ्या हायवेवर पोलिसांनी ट्रॅक्टर अडवला होता. यंत्रात फुंकायला लावले, कागदाची पट्टी निघाली, तिच्यावर आकडा ९४. आम्ही पोचलो तेव्हा चालक ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसला होता. आम्हाला पाहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "साहेब, पहिलीच येळ शे ना!"

पहिलीच वेळ, हे खरे होते. पण पहिल्या वेळेला कायदा काय म्हणतो हे त्याला ठाऊक नव्हते आणि खरे सांगायचे तर आम्हालाही नीट ठाऊक नव्हते. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १८५ असे आहे की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालविणे हाच गुन्हा. अपघात व्हावा लागत नाही, झोकांड्या जाव्या लागत नाहीत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ पूर्वी हा दंड २,००० रुपयांपर्यंतच होता. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. ट्रॅक्टर शेतीचा असला तरी रस्त्यावर तो मोटार वाहनच. आणि हे प्रकरण जागेवर चलन फाडून मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते.

पोलीस अशा चालकाला वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. अटकेपासून दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. ती झाली नाही तर अटकेतून सोडावे लागते. पण त्याने खटला संपत नाही. "मी फुंकणारच नाही" असे म्हणून कोणी सुटत नाही. योग्य कारणाशिवाय दिलेला नकार खटल्यात त्याच्याच विरुद्ध धरता येतो. गुन्हा जामिनाचा आहे, तेव्हा आमचा चालक त्याच रात्री जामिनावर सुटला. ट्रॅक्टर मात्र सुटला नाही.

तुटलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडावा, असे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. या दोन ट्रॉल्या तिसऱ्या दिवशी काट्यावर आल्या. मोळ्या वाळून गेल्या होत्या, वजनात मार बसला तो वेगळाच.

येथे थोडे गणित मांडतो. रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये त्या हिशेबाने सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात ते १४० ते १५० मिलिग्रॅमपर्यंत चढते आणि उतरते तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने. म्हणजे तीसच्या खाली यायला आठ तास लागतात. रात्री अकराला क्वार्टर संपवून पहाटे पाचला ट्रॅक्टरवर बसणारा चालक स्वतःला शुद्धीत समजतो, पण यंत्र त्याला पकडते. लिंबू, कांदा, काळा चहा यांनी वास दबेल कदाचित, रक्त धुतले जात नाही. (मळीपासून काय तयार होते, हे साखर कारखान्याच्या सभासदाला शिकवायला नको. आता तेच इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जाते. टाकीत गेले तर आमची काही हरकत नाही!)

कोर्टाची तारीख पडली. वकील करायला चालकाकडे पैसे नव्हते. अशा वेळी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, हे सर्वांनी लक्षात ठेवावे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. इतरांना ठरावीक उत्पन्नाच्या आत. आपल्या चालकांपैकी आणि तोडणी मजुरांपैकी कितीतरी जण यात बसतात, पण अर्ज कोणी करीत नाही.

वकिलांनी आधी कागद पाहिले: यंत्राची पट्टी, डॉक्टरांचा दाखला, वेळा. सगळे जागच्या जागी होते. कबुली द्यायची की खटला लढवायचा, हा निर्णय त्यांनी चालकावर सोडला. त्याने कबुली दिली. मॅजिस्ट्रेट साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. ट्रॅक्टर कोणाचा आणि ट्रॉल्या किती. मग कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा आणि १०,००० रुपये दंड. तो बाकावर संध्याकाळपर्यंत मान खाली घालून बसला होता. बरोबर त्याची आई होती.

खरा घाव पुढे होता. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली राज्यांना कळविले आहे की अशा चालकाचे लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावे. जानेवारीपासून तीन महिने म्हणजे उरलेला हंगामच. त्याने उचल घेतली होती, ती तशीच अंगावर राहिली.

दंड कोणी भरला? ज्यांनी बाटली दिली होती त्या सभासदांनी. त्याचेही कारण आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलांनी त्यांना त्याच कायद्याचे कलम १८८ वाचून दाखविले. या गुन्ह्याला जो चिथावणी देईल किंवा साहाय्य करील, त्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. "बाटली कोणी दिली होती?" असे त्यांनी सहज विचारले. सभासद गप्प बसले. आम्हीही गप्प बसलो.

ट्रॅक्टरमालकांनी आणखी एक पाहावे. १ एप्रिल २०२२ पासून चालक दारूच्या अंमलाखाली होता, हा बचाव विमा कंपनीला कायद्यानेच मिळाला आहे. अपघातग्रस्ताला भरपाई मिळाली तरी ती रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते.

मुंबईत १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे कार्टर रोडवर एक मोटार फुटपाथवर चढली. तेथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालक ॲलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल सापडले, म्हणजे वरच्या हिशेबात ११२ मिलिग्रॅम. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले होते, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. आमच्या चालकाचा आकडा ९४ होता. त्या रात्री त्याच्या वाटेवर, पुलाच्या अलीकडे, दुसऱ्या टोळीच्या कोप्या रस्त्याला लागूनच होत्या. त्यात लहान मुले होती.

खुशाली आणि एन्ट्री यांचा मूळ प्रश्न मोठा आहे, त्यावर सवडीने लिहू. तूर्त एवढीच विनंती की बाटली देऊ नका. चालक प्यालेला दिसला तर ट्रॉली फडातच उभी राहू द्या आणि गट ऑफिसला कळवा. दुसरा चालक पाहण्याचे काम आमचे.

या हंगामात त्याच फडात पुन्हा तोड लागली. बांधावर वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी होती. चालक तोच. आम्ही काही विचारण्याआधीच त्याने खिशातून लायसन्स काढून दाखविले, परत नीट ठेवले आणि ट्रॅक्टर सुरू केला.