चिखलाखालचा गंज

वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात ज्या खडकातून कोरले गेले, तो खडक म्हणजे बेसाल्ट, आपला नेहमीचा काळा पाषाण. त्यावरील छिन्नीचे घाव आजही ओळखू येतात. पण याच परिसरात एखाद्या बांधावर चार-पाच पावसाळे उभी राहिलेली जुनी पिकअप गाडी पाहा. तिच्या पत्र्यावर बोट दाबले तर पत्र्याचा चुरा हाती येतो! दगड शतकानुशतके टिकतो आणि पोलाद मात्र काही वर्षांत कुजते, हे कसे?

याचे उत्तर असे, की बेसाल्टमध्येही लोखंड असते. पण ते आधीच ऑक्सिजनशी बांधलेले असते. पोलादातील लोखंड आपण भट्टीत कोळशाची ऊर्जा खर्चून खनिजातून सोडवून आणलेले असते. संधी मिळताच ते पुन्हा ऑक्सिजनशी संयोग पावते. गंजणे म्हणजे लोखंडाचा खनिजाकडे परतीचा प्रवास होय.

महिंद्रा कंपनी १९४५ साली स्थापन झाली आणि स्वातंत्र्यानंतर तिने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्या घराण्यातील पिकअप गाड्या पुढे खेडोपाडी पोहोचल्या. घरी पडून असलेली किंवा स्वस्तात मिळालेली अशी गाडी आपल्या हाताने पुन्हा उभी करावी, असे अनेक तरुणांना वाटते. नवशिका बहुधा काचकागद आणि रंगाचा डबा घेऊन बसतो. गाडी चकाचक दिसते, आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात. काम कष्टाचे होते, पण चुकीच्या जागी झाले. मग बरोबर जागा कोणती?

केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी १९२० नंतरच्या दशकात एक साधा प्रयोग केला. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, म्हणून तेथे हवेतील ऑक्सिजन सहज पोहोचतो. मध्यभागी तो कमी पोहोचतो. तुम्हाला वाटेल, जेथे ऑक्सिजन जास्त तेथे लोखंड जास्त खराब होईल. प्रत्यक्षात घडते उलटेच! मध्यभागी लोखंडाचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे वाहतात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी त्यांना स्वीकारतात. गंजाचे तपकिरी कडे या दोन जागांच्या मध्ये तयार होते. थोडक्यात, तो थेंब म्हणजे एक चिमुकला विद्युत्‌घट असतो. गंज जेथे दिसतो, नेमके तेथेच लोखंड झिजलेले असते असे नाही. ज्या जागी हवा पोहोचत नाही, ती जागा अधिक धोक्याची.

आता हा थेंब मनात ठेवून पुन्हा वेरूळला येऊ. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत. कोकणासारखी खारी हवा येथे नाही. पण बेसाल्टची झीज होऊन बनलेली काळी माती येथे आहे. तिच्यातील चिकणमाती पाणी घट्ट धरून ठेवते. शेतातून आलेल्या गाडीच्या मडगार्डच्या आतल्या कडेला, चासीच्या खाचेत आणि केबिनच्या कोपऱ्यांत या मातीचे लपके बसतात. बाहेरचा पत्रा तासाभरात वाळतो. लपक्याखालचा आठ-आठ दिवस ओला राहतो आणि तेथे हवाही शिरत नाही. हौद्यात खताची पोती वाहिली असतील, तर सांडलेले क्षार त्या ओलाव्यात विरघळून त्याची विद्युत्‌वाहकता वाढवतात. म्हणजे इव्हान्सचा थेंबच, पण पावसाळाभर न वाळणारा!

याला किती विद्युत्‌प्रवाह लागतो, याचा हिशेब करू या. १ मिलिमीटर जाड पत्र्याला १ चौरस सेंटिमीटरचे भोक पडायचे, तर सुमारे ०.७९ ग्रॅम लोखंड जायला हवे. प्रत्येक अणूमागे दोन इलेक्ट्रॉन धरल्यास फॅराडेच्या नियमानुसार सुमारे २,७०० कूलंब विद्युत्‌भार होतो. चार पावसाळ्यांचे मिळून १६ महिने ओलावा राहिला असे मानले, तर सरासरी प्रवाह भरतो केवळ ६५ मायक्रोअँपिअर. ०.३ अँपिअर घेणाऱ्या टॉर्चच्या दिव्याच्या तुलनेत हा साडेचार हजारावा भाग झाला. इतका क्षुल्लक प्रवाह पत्र्याला आरपार भोक पाडतो, कारण तो थांबत नाही.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम रंग नव्हे, तर पाणी. गाडी खालून धुऊन सगळी माती काढा. गाडीखाली जाण्यापूर्वी ती सपाट जागी, मजबूत घोड्यांवर टेकवलेली असली पाहिजे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. मग लहान हातोडीने चासी ठोकत जा. निरोगी पोलाद खणखणते, कुजलेले बदबद वाजते. शंका येईल तेथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहा. चासी ठिकठिकाणी आरपार गेली असेल, तर जाणत्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. ब्रेकच्या नळ्या गंजल्या असतील तर त्या घासायच्या नाहीत, बदलायच्या. वरचा पत्रा शोभेचा, पण चासी आणि ब्रेक यांवर माणसाचा जीव अवलंबून असतो.

नट-बोल्ट का अडकतात? गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. तो आट्यांमध्ये फुगून पाचरीसारखा बसतो. पाना लावून जोर केला तर बोल्टच तुटतो. पातळ तेल सोडून रात्रभर थांबावे. केशाकर्षणाने ते आट्यांत शिरते. घाईपेक्षा येथे धीर जास्त उपयोगी पडतो.

सुटलेले लहान भाग विद्युत्-अपघटनाने स्वच्छ करता येतात. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी घ्या. गंजलेला भाग १२ व्होल्ट चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडा. गंज सुटा होऊन ब्रशने निघतो. यात हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. स्टेनलेस स्टीलची पट्टी मुळीच वापरू नये. त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरू शकतात. स्प्रिंगसारखे कठीण पोलादी भागही यात घालू नयेत. हायड्रोजन शोषून ते ठिसूळ होतात.

पत्रा घासताना नाकावर मास्क हवा, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा जोडावा. गंजावर पुट्टी भरणे म्हणजे ओलावा आत कोंडणे. वेल्डिंगचे काम जाणत्याकडून, पेट्रोलची टाकी उतरवून आणि बॅटरी सोडवूनच करून घ्यावे. उघडा झालेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरने झाकावा. आणि दाराच्या व केबिनच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे तारेने मोकळी करावीत. या फुकटच्या कामाने गाडीचे आयुष्य महागड्या रंगापेक्षा अधिक वाढते. शेवटी, रस्त्यावर आणण्यापूर्वी तिची नोंदणी चालू आहे की नाही हे पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीनंतरच वाढवून मिळते.

करून पाहा : मातीच्या एका भाजलेल्या, बिनझिलईच्या बोळक्यात ओली काळी माती भरून तिच्यात घासलेला खिळा रोवा. ते बोळके मिठाच्या पाण्याच्या काचपात्रात ठेवा. बाहेरच्या पाण्यात तसाच दुसरा खिळा उभा करून दोन्ही खिळे तारांनी गॅल्व्हानोमीटरला जोडा. मग बाहेरच्या पाण्यात मत्स्यपात्राच्या पंपाने हवा सोडा. काटा कोणीकडे सरकतो? हवा बंद केल्यावर काय होते? आठवड्याने दोन्ही खिळे धुऊन, वाळवून तोला आणि कोणता अधिक झिजला ते वहीत नोंदवा.