रॉस्को यांचा ग्रंथ, कागवा यांची साक्ष

युगांडातल्या बगांडा लोकांवरचा पहिला मोठा इंग्रजी ग्रंथ म्हणून जॉन रॉस्को यांच्या ‘द बगांडा’चे नाव घेतले जाते. रॉस्को मूळचे मिशनरी. १८८४ मध्ये ते पूर्व आफ्रिकेत गेले आणि १९०९ मध्ये इंग्लंडला परतले. केंब्रिजचे मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांची प्रश्नावली हाती आल्यावर त्यांचे टिपणकाम शिस्तीने सुरू झाले आणि १९११ मध्ये ग्रंथ निघाला. पण त्यातली माहिती परक्या माणसाला सहजी मिळणारी नव्हती. राजा वारल्यावर त्याच्या जबड्याचे हाड काढत, ते मुंग्यांच्या वारुळावर ठेवून साफ करून घेत, कवड्यांनी मढवत आणि त्यासाठी स्वतंत्र देऊळ उभारत. असले तपशील जाणत्या वृद्धांखेरीज कोण सांगणार? त्या वृद्धांना दूरदूरहून बोलावून रॉस्कोंसमोर बसवले ते बगांडांच्या राज्याचे, म्हणजे बुगांडाचे, प्रधानमंत्री अपोलो कागवा यांनी. रॉस्कोंनी प्रस्तावनेत त्यांचे आभार मानले आहेत. मला ते अपुरे वाटते. कागवा नुसते मदतनीस नव्हते. आपल्या राजांचा इतिहास आणि लोकांच्या चालीरीती यांवर त्यांनी लुगांडा भाषेत पुस्तके लिहिली आणि त्यांतले चालीरीतींचे पुस्तक १९०५ मध्ये, म्हणजे रॉस्कोंच्या सहा वर्षे आधी, छापून आले होते.

यावर कोणी म्हणेल, कागवा स्वतः सत्तेच्या राजकारणात मुरलेले, प्रॉटेस्टंट गटाचे पुढारी. त्यांची साक्ष निःपक्षपाती कशी मानायची? आक्षेप खरा आहे. पण तो रॉस्कोंनाही लागू पडतो, कारण तेही त्याच पंथाचे प्रचारक होते. शिवाय सांगणाऱ्याचे नाव मागे पडले की त्याचा कल तपासायची सोयही जाते. कोणते वृद्ध बोलवायचे हे प्रधानमंत्र्यांनी ठरवले, हे ठाऊक असलेला वाचक ग्रंथातला प्रत्येक दावा जपून वाचेल. म्हणून मुखपृष्ठावर दोन नावे हवी होती. ती मानासाठी हवीत, तशी पुरावा पारखण्यासाठीही. रॉस्कोंची चिकाटी त्याने कमी ठरत नाही. १९१९-२० मध्ये ते पुन्हा मोहिमेवर गेले आणि बन्यांकोले, बगेसू अशा शेजारच्या समाजांवरही त्यांनी ग्रंथ लिहिले. त्यांनी केंब्रिजच्या संग्रहालयासाठी नेलेले युद्धदेव किबुकाचे अवशेष १९६२ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, युगांडाला परत मिळाले. कागवांचे चालीरीतींचे पुस्तक इंग्रजीत आले १९३४ मध्ये. तोवर त्यांना जाऊन सात वर्षे झाली होती.