सायलेन्सरवरचा डबा

मामांच्या खळ्यात, कडुनिंबाखाली, एक छोटा ट्रॅक्टर दहा पावसाळे उभा होता. मामांचं गाव कोरीट, तालुका आणि जिल्हा नंदुरबार. दर दिवाळीला मी तिथे जातो, आणि दर दिवाळीला तो ट्रॅक्टर आदल्या वर्षापेक्षा थोडा जास्त जमिनीत रुतलेला दिसायचा. पुढची चाकं बसली होती. सीटमधला फोम उंदरांनी नेला होता. बॉनेटवर कोंबड्या दुपार काढायच्या. भंगारवाला वर्षातून दोनदा यायचा, चाकाला लाथ मारून किलोचा भाव सांगायचा. मामा दरवेळी म्हणायचे, "पुढच्या खेपेला बघू." ते "नाही" म्हणत नव्हते, पण देतही नव्हते. ज्या यंत्रानं घरातल्या दोन मुलींची लग्नं आणि एक विहीर उभी केली, ते किलोवर द्यायला माणसाचा हात रेटत नाही.

अखेर मागच्या दिवाळीत आम्ही तो उघडायचा ठरवला. त्या कामात जे पाहिलं, शिकलो आणि नंतर वाचून-विचारून ताडून घेतलं, ते इथे मांडतो आहे. खानदेशात आणि इतरत्रही असे ट्रॅक्टर खळ्याखळ्यांत उभे आहेत. त्यांतले बरेचसे मेलेले नाहीत.

हा ट्रॅक्टर मित्सुबिशी शक्ती. साडेअठरा अश्वशक्तीचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, सहा गिअर पुढे, दोन मागे. बंगळुरूच्या व्हीएसटी टिलर्स ट्रॅक्टर्स या कंपनीचा. 1967 मध्ये ही कंपनी जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्यानं उभी राहिली. आधी तिचे पॉवर टिलर आले, मग हा चारचाकी धाकटा भाऊ.

आपल्याकडे ट्रॅक्टरचा इतिहास सांगितला जातो तो मोठ्या यंत्रांचा. 1947 मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली, तेव्हा अमेरिकी लष्करानं मागे ठेवलेली अवजड यंत्रं कांस गवत माजलेल्या जमिनी मोडायला लावली गेली. 24 एप्रिल 1959 रोजी फरिदाबादच्या कारखान्यातून आयशरचा भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. 1963 मध्ये महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली आणि बी-275 हा ट्रॅक्टर घरोघरी पोचला. परदेशी आराखडा न घेता इथल्या अभियंत्यांनी घडवलेला स्वराज 724 बाजारात आला 1974 मध्ये. आज जगात सर्वाधिक ट्रॅक्टर भारतात बनतात. या सगळ्या कथेत छोट्या ट्रॅक्टरला जागा मिळत नाही.

त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरनं 1961 मध्ये अमेरिकेत 'कब कॅडेट' नावाचा बगीच्यातला ट्रॅक्टर काढला होता, घरामागचं गवत कापायला आणि अंगणातला बर्फ ढकलायला. जॉन डिअरचा 110 आला 1963 मध्ये. तिकडे आज हे जुने बगीचा-ट्रॅक्टर जमवणं, उघडणं, पुन्हा चालवणं हा हजारो लोकांचा जिव्हाळ्याचा छंद आहे. जपानमध्ये मात्र छोटा ट्रॅक्टर हौसेसाठी आला नाही. भाताची खाचरं लहान, म्हणून यंत्र लहान. आमच्या खळ्यातला ट्रॅक्टर त्या दुसऱ्या घराण्यातला. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार भारतातलं सरासरी वहितीक्षेत्र 1.08 हेक्टर, म्हणजे अडीच एकरांच्या थोडंसं वर. अशा देशात पन्नास अश्वशक्तीचं धूड घेऊन कर्ज फेडत बसण्यापेक्षा हे लहान यंत्र शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. पपईच्या बागेत, मिरचीच्या दोन ओळींत, कोवळ्या कपाशीत ते फिरतं आणि वळायला बांधावर फारशी जागा मागत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. उभा ट्रॅक्टर मरतो कशानं?

मिस्त्री नंदुरबारहून आले. साठीच्या पुढचे, बोलायला कमी. मामांनी "चालू होईल का?" विचारलं तर म्हणाले, "पहिले दखू, मंग बोलू." त्यांनी आधी ऑइलची काडी काढली, बोटावर घासली, वास घेतला. सारंगखेड्याच्या बाजारात जाणता माणूस घोड्याचं तोंड उघडून दात बघतो, तसं. ऑइल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. दुधाळ असतं तर पाणी आत गेलं असा अर्थ. मग रेडिएटरचं झाकण, मग डिझेलची टाकी. बॅटरी जोडून सेल्फ मारून बघू, असं मी उत्साहानं म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. ही या कामातली पहिली शिकवण. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाला सेल्फ मारायचा नाही आणि ट्रॅक्टर ओढून चालूही करायचा नाही. रिंगा सिलिंडरला गंजानं चिकटलेल्या असतात. जोर लावला की रिंग तुटते, सिलिंडरला ओरखडा पडतो, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन हजारांत सुटणारं काम मग वीस हजारांत जातं.

बॉनेट उघडल्यावर बॅटरीच्या जागी उंदराचं घरटं निघालं, शेतातल्या कापसाचं, पांढरं, मऊ. वायरिंगचं प्लास्टिक उंदरांनी जागोजागी कुरतडलं होतं. पण खरा घाव दुसरीकडे होता. मिस्त्रींनी सायलेन्सरचा उभा पाइप सोडवून जमिनीवर आपटला. आतून मातीचे गोळे पडले. कुंभारमाशीनं पाइपात चिखलाची घरं बांधली होती. एक फोडलं, तर आत वाळलेले कोळी. ही माशी आपल्या अळीसाठी कोळी लुळे करून घरात भरून ठेवते. मातीच्या मागून आली गंजाची लाल पूड, मूठभर.

उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर झाकण नव्हतं, इतकीच ती चूक. पावसाचं पाणी थेंबाथेंबानं पाइपात उतरतं, मॅनिफोल्डमध्ये साचतं. इंजिन कुठेही थांबलं तरी तीन सिलिंडरपैकी एखाद्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बहुतेक वेळा उघडाच राहतो. पाणी त्या वाटेनं सिलिंडरमध्ये शिरतं आणि पिस्टनच्या डोक्यावर बसून राहतं. पहिल्या पावसाळ्यात तांबूस कड, दुसऱ्यात खरबरीत पट्टा, पुढे पिस्टन आणि सिलिंडर एकजीव. बाकीचे दोन सिलिंडर अगदी चकचकीत असू शकतात, पण एक जाम म्हणजे इंजिन जाम.

नोझल काढून त्या भोकांतून डिझेल आणि पातळ ऑइल सोडलं. आठ दिवस तसंच ठेवलं. रोज सकाळी क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून हळूच एकदा इकडे, एकदा तिकडे दाब द्यायचा. हे काम मामांनी स्वतःकडे घेतलं. चहा व्हायच्या आधी ते खळ्यात. नवव्या दिवशीही पुली हलली नाही, तेव्हा हेड उतरवायचं ठरलं. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडेथोडे ढिले करायचे आणि बसवताना उलट, मध्यापासून कडेकडे आवळायचे, नाहीतर हेड पिळतं आणि पॅकिंग धरत नाही.

हेड निघालं आणि निदान डोळ्यांनी दिसलं. पहिले दोन सिलिंडर स्वच्छ. तिसऱ्यात पिस्टनवर तपकिरी पापुद्रा आणि भिंतीवर बोटभर रुंद गंजाचा पट्टा. खालून झाकण काढून रॉडचे बेअरिंग सोडवले. पिस्टनवर लाकडी ठोकळा धरून मिस्त्रींनी हातोडीचे हलके ठोके दिले. पंचवीस-तीस ठोक्यांत काही नाही. मग एक बारीक 'टक्' आणि पिस्टन केसभर सरकला. मामांनी तो आवाज ऐकला आणि खाली बसले.

पिस्टन हातात आल्यावरचं काम बघण्यासारखं होतं. रिंगा खाचांत जळलेल्या ऑइलनं घट्ट बसल्या होत्या. त्या काढताना एक तुटली. मिस्त्रींनी तोच तुकडा घेतला, टोक घासून धार काढली आणि त्यानंच खाच खरवडायला लागले. रिंगेची जाडी आणि खाचेची रुंदी एकच, त्यामुळे खाचेला यापेक्षा योग्य हत्यार दुकानात मिळणार नाही. काळी राख भुग्यासारखी पडत होती. मग क्रँकवर बेअरिंग बसतं त्या जागेवरून नख ओढून पाहिलं. नख अडकलं असतं तर क्रँक ग्राइंडिंगला द्यावा लागला असता. अडकलं नाही. ब्लॉक शहरातल्या वर्कशॉपमध्ये होनिंगला गेला. परत आल्यावर नवी रिंग नुसतीच सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजनं मोजली. ढोबळ नियम असा की दर 100 मिलिमीटर बोअरला 0.3 ते 0.4 मिलिमीटर फट हवी. कमी असेल तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग सिलिंडर खाते.

डिझेलच्या टाकीचं थोडक्यात सांगतो. तळाला पाणी होतं आणि त्यावर काळी बुळबुळीत साय. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू वाढतात, त्यांचा हा गाळ. टाकीत रॉकेल आणि धुतलेली खडी घालून ती बराच वेळ हलवली, तीनदा धुतली. नळ्या नव्या, फिल्टर नवा. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. पेडल दाबून लाकडाची पाचर मारून ठेवली, चार दिवसांनी तीही सुटली.

पंप आणि नोझल मात्र घरी उघडायचं नाही. ते पंपवाल्याचं काम. त्याच्या बेंचवर नोझलची चाचणी पाहिली. चांगलं नोझल धुक्यासारखा फवारा टाकतं आणि किरकिरतं, खराब झालेलं धार सोडतं किंवा थेंब गाळतं. फवाऱ्यापुढे बोट धरायचं नाही. दाब शंभर किलोच्या वर असतो, डिझेल कातडी भेदून आत जातं. ती जखम दिसते टाचणीएवढी आणि बोट गमावायची पाळी आणते.

चालू करायच्या दिवशी मिस्त्रींनी आधी एक फळी मागितली. कशाला ते कुणालाच कळेना. पंपाचा रॅक गंजून पूर्ण डिझेलवर अडकलेला असेल, तर इंजिन सुरू होताच पळत सुटतं आणि चावी बंद करून थांबत नाही. अशा वेळी हवा घ्यायच्या तोंडावर फळी दाबून त्याचा श्वास कोंडायचा, हा उपाय. फळी मामांच्या हातात दिली. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली, मग नोझलच्या नळ्यांची. हीटर वीस सेकंद धरला. पहिल्या सेल्फला नुसता पांढरा धूर, दुसऱ्याला एक सिलिंडर पेटला, तिसऱ्याला तिन्ही. ऑइलचा दिवा विझला. मामा फळी छातीशी धरून तसेच उभे होते. तिची गरज पडली नाही.

कागदांचं काम त्याहून किचकट निघालं. ट्रॅक्टर 1996 चा, म्हणजे नंबर धुळ्याचा, एमएच 18. नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी, एमएच 39 त्यानंतरचा. शेतीचा ट्रॅक्टर कायद्यानं बिगरपरिवहन वाहन, नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमची मुदत 2011 मध्येच संपलेली. चासीचा आणि इंजिनाचा नंबर गंजाखाली दडला होता, तो पॉलिश पेपरनं हळूहळू वर काढावा लागला. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी आरसी बुक शोधा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

रंगावरून आमचं थोडं वाजलं. मामांना दसऱ्याच्या पूजेला ट्रॅक्टर नवा कोरा तांबडा हवा होता. मला वाटत होतं, स्टीअरिंगजवळ मामांच्या हातानं झिजलेली जागा आहे, ती झाकू नये. शेवटी बॉनेट रंगवलं आणि बाकी तसंच ठेवलं.

प्रत्येक ट्रॅक्टर असा उठवावा, असं मी म्हणणार नाही. ब्लॉकला चीर असेल, क्रँक खोल गंजला असेल किंवा सुटे भागच मिळत नसतील, तर पैसे ओतू नयेत. आमच्या वेळी बरेचसे भाग राजकोटहून आले, ते मिळाले म्हणून हे जमलं. आणि खर्चाचा मोठा वाटा इंजिनावर नव्हे, टायरांवर गेला.

आता मिरचीचा हंगाम आहे, नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथाऱ्या लाल झाल्या आहेत. मामांचा ट्रॅक्टर शेतातून ओली मिरची आणतो आणि संध्याकाळी कडुनिंबाखालीच उभा राहतो. इंजिन थंड झालं की मामा सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा रिकामा डबा उपडा घालतात. तुमच्या खळ्यात, वाड्यात, बांधावर असा एखादा उभा असेल, तर विकायचा की उठवायचा हे पुढे ठरवा. आज एवढंच करा, त्याच्या सायलेन्सरवर एक डबा घाला.