अडखळणाऱ्या मुलाला भूमिका द्या

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. सहावी-सातवीसाठी एखादे नाटक निवडले जाते आणि बाईंपुढे वा गुरुजींपुढे तो जुना प्रश्न उभा राहतो: राजा कोणी व्हायचे आणि भालदार कोणी? वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक आहे. परंतु दरवर्षी ज्याच्या वाट्याला झाडाचे मुके सोंग येते, त्या मुलाला तो तसा वाटत नाही. त्यातून शाळा महाराष्ट्राबाहेरची असेल, तर या पात्रयोजनेवर एका मुलाच्या हिरमोडाहून पुष्कळ अधिक अवलंबून असते. हैदराबाद शहर हे त्याचे बोलके उदाहरण होय.

हैदराबादेतील मराठी ही काल-परवा नोकरीनिमित्त तेथे गेलेल्यांची भाषा नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याचे जिल्हे याच राजधानीला जोडलेले होते. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे अध्यापन त्याच भाषेतून चाले. अशा वातावरणात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींच्या प्रयत्नांतून विवेकवर्धिनी ही शाळा उभी राहिली. १९३१ साली डॉ. श्री. व्यं. केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. परक्या सत्तेखाली देवळाच्या मांडवात आणि जत्रेच्या नाटकात आपली भाषा जागती ठेवणाऱ्या गोमंतकीयांना या धडपडीचे मोल निराळे सांगावयास नको.

आज तेथील मराठी घरातले मूल चार भाषांत वावरते. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू अनिवार्य झाली. ज्या राज्यात राहावयाचे तेथील भाषा यावी, हे योग्यच आहे. पुस्तकात इंग्रजी, रस्त्यावर दखनी आणि आजीपाशी मराठी, अशी एकंदर विभागणी असते. गंमत अशी की, त्या दखनीतही मराठी दडलेली आहे. तिचे ‘नक्को’ म्हणजे आपले ‘नको’, आणि शब्दावर जोर देण्यासाठी ती जो ‘च’ लावते तोही आपलाच. अशा मुलाच्या कानात मराठी असते. जिभेवर मात्र ती अडते. तो ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतो, ‘चांदणे’ आणि ‘चंद्र’ यांतले दोन निराळे ‘च’ एकाच तऱ्हेने उच्चारतो, आणि ‘पुस्तक पडला’ असे निःशंकपणे सांगतो.

पात्रयोजनेच्या दिवशी हाच मुलगा प्रथम वगळला जातो. शिक्षकांच्या हाती दिवस थोडे असतात, पाहुण्यांपुढे शाळेची शोभा राखावयाची असते. साहजिकच मोठी भूमिका स्वच्छ वाणीच्या मुलीकडे जाते. ती बहुधा पुस्तकांच्या घरातली असते. तिला जे येत होते तेच ती करून दाखवते. टाळ्या पडतात, समारंभ यथासांग पार पडतो; शिक्षण मात्र घडत नाही.

मराठीत बालरंगभूमीची परंपरा मोठी आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ स्थापून रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले, तेव्हा मुलांना आपले हक्काचे नाटक मिळाले. पण ते नाटक प्रेक्षकांतल्या मुलासाठी होते. शाळेचे नाटक रंगमंचावर उभ्या असलेल्या मुलासाठी असते, हा भेद विसरल्यामुळेच सारा घोटाळा होतो. व्याकरणाचा नियम घोकून जे सुधारत नाही, ते तालमीत सुधारते. सहा आठवडे तेच वाक्य, मोठ्याने, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून, अर्थ समजून म्हणावे लागते. एवढा सराव कोणत्या तासाला मिळतो?

अडखळणारे मूल भर सभेत फजीत झाले तर काय, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे आणि तिचे उत्तर तयारीतच आहे. पहिला आठवडा सर्वांनी गोल बसून, भूमिका आलटून-पालटून, सबंध नाटक वाचावे. नक्कल त्यानंतर हाती द्यावी. अनेक मध्यम भूमिका असलेले नाटक निवडावे, लांबलचक भाषणे तोडावी. मोठी भूमिका दोघांत अंकवार वाटावी. आणि जिची वाणी स्वच्छ आहे तिला प्रॉम्प्टिंगची व सोबत्यांकडून संवाद घोटून घेण्याची जबाबदारी द्यावी; तिच्यावरही अन्याय होता कामा नये. यासाठी तालमी दिवाळीनंतर नव्हे, दिवाळीपूर्वीच सुरू व्हावयास हव्यात, एवढाच काय तो जादा खर्च.

याचा वस्तुपाठ हैदराबादेतच आहे. १८८५ साली कडप्पा जिल्ह्यातील सुरभी गावी ‘कीचक वधम्’ने आरंभ झालेली सुरभी नाटक मंडळी आज शहराच्या लिंगमपल्ली भागात नांदते. या घराण्यांचे मूळ मराठी असल्याचे सांगितले जाते. त्यांचे नाटक मात्र अस्सल तेलुगू. तेथे मूल लहानपणीच रंगमंचावर येते, आणि घरातला प्रत्येक जण अभिनयाबरोबर पडदे नि दिवेही सांभाळतो. कोणालाही बाहेर ठेवले नाही, म्हणून ती कला पिढ्यानपिढ्या टिकली.

स्नेहसंमेलनातील टाळ्या आठवडाभरात विरतात. परंतु ज्या मुलाने आयुष्यात प्रथमच चारशे लोकांपुढे ‘पुस्तक पडले’ असे ठणठणीतपणे म्हटले, त्याची मराठी त्या दिवसापासून त्याची स्वतःची होते. पात्रांची यादी लिहिताना शिक्षकांनी, ते हैदराबादेत असोत वा आमच्या सत्तरी-काणकोणात, शेवटच्या बाकाकडे एकवार पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.