दुसरा लेख कसा लिहिला जातो? घरी मुलं वाढवताना लेखनाचा व्यवसाय



समोर बऱ्याच जणी लेकरं मांडीवर घेऊन बसल्या आहेत. लेकरू रडलं तर संकोचून उठून जाऊ नका. आम्हाला त्या आवाजात काम करायची सवय आहे.

आम्ही चौघी जणी. एक चिखलीची, एक मेहकरची, दोघी इथल्याच, बुलढाण्याच्या. चौघींची मिळून सात मुलं. थोरली दहावीला, सगळ्यांत धाकटं दीड वर्षाचं. चौघीही घरून लिहितो. अनुवाद करतो, मुद्रितं तपासतो, दिवाळी अंकांना लेख देतो, यूट्यूबवाल्यांना संहिता लिहून देतो. बोलायचं एकीनं असं ठरलंय, पण सांगायचं आहे ते चौघींचं, म्हणून ‘आम्ही’.

विषय आहे घरी मुलं वाढवताना लेखनाचा व्यवसाय. पण सुरुवात याच गावातल्या एका बाईपासून करू. ताराबाई शिंदे. ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं, पण लिहिणारी बुलढाण्याची. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजाचे सभासद होते, त्यांनी मुलीला घरी शिकवलं. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात मुलाचा जीव घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी उत्तर लिहिलं. त्यावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.

हे तुम्ही ऐकलेलं असेल. आम्हाला अडकवते ती पुढची गोष्ट. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. आणि ते एक पुस्तकही लोक विसरले. स. गं. मालशे यांनी ते 1975 मध्ये पुन्हा प्रकाशित केलं, म्हणजे मधे 93 वर्षं गेली. ताराबाईंना मूलबाळ नव्हतं, तेव्हा मुलांमुळे लेखन थांबलं असं काही आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की पहिलं लेखन रागातून, दुःखातून, हौसेतून होऊन जातं. दुसरं, तिसरं, दहावं तसं होत नाही. त्याला घरात व्यवस्था लागते. आणि व्यवसाय म्हणजे तरी काय, दुसरा लेख वेळेवर जाणं आणि त्याचे पैसे येणं.

दुसरं उदाहरण काशीबाई कानिटकरांचं. यांना मुलं होती, संसार होता, नवरा मुन्सफ म्हणजे आज या गावी तर उद्या त्या गावी बदली. लपूनछपून वाचायला शिकलेली ही बाई. त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी मासिकातून 1886 च्या सुमारास येऊ लागली आणि पुस्तकरूपानं निघाली 1903 मध्ये. ‘पालखीचा गोंडा’ आली 1928 मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. मधल्या काळात डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र झालं. हा वेग मंदच आहे. पण त्या थांबल्या नाहीत. मासिकात प्रकरण द्यायचं म्हणजे एका वेळी एवढंच लिहायचं, जेवढं घरातल्या बाईला झेपेल. आम्ही यातून शिकलो ते हे, की मुलं लहान असताना कामाचा तुकडा लहान ठेवावा, पण दोरा तुटू देऊ नये.

आता आमचं सांगतो. आमच्यातल्या एकीनं पहिलं मूल दोन वर्षांचं असताना एका पुस्तकाचा अनुवाद घेतला. करार नाही, सगळं फोनवर. ‘ताई, तुमचंच काम आहे, पैशाचं बघू.’ रात्री अकरानंतर स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून तिनं चार महिन्यांत तो पुरा केला. पैसे आले नाहीत. पुस्तक आलं, त्यात नावही नव्हतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘रातभर लिवतं, डोळे फोडतं, अन् भेटलं काय वं तुले?’ त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरा प्रश्न होता. तिच्याकडे उत्तर नव्हतं. नंतर दीड वर्ष तिनं एक ओळ लिहिली नाही. ती बाई आत्ता तुमच्याशी बोलते आहे.

तिला परत लिहितं केलं ते बाकीच्या तिघींनी, आणि तेही शाबासकी देऊन नव्हे. चौघींनी मिळून वही काढली आणि हिशेब मांडला. तोच हिशेब आज सांगायचा आहे.

पहिला हिशेब तासांचा. समजा तीन हजार शब्दांचा अनुवाद आला, दर शब्दाला एक रुपया. तीन हजार रुपये ऐकायला बरे वाटतात. पण तासाला दोनशे शब्द धरले तर पंधरा तास, वर फेरतपासणीचे पाच. वीस तासांचे तीन हजार, म्हणजे तासाला दीडशे रुपये. हे परवडतं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण आकडा माहीत असल्याशिवाय हो म्हणू नका. आता दिवसाला हातात खरे दोन तास असतील तर हे काम दहा दिवसांचं. आम्ही दहा सांगत नाही, चौदा सांगतो. वरच्या चार दिवसांना आमच्या वहीत ‘ताप-दिवस’ असं नाव आहे. लहान मूल आजारी पडणारच. ते गृहीत धरून तारीख दिली की मूल आजारी पडल्यावर त्याचा राग येत नाही. ज्या आईनं तापलेल्या लेकराकडे ‘आजच का?’ म्हणून पाहिलंय, तिला हे कळेल.

दुसरा हिशेब मुलाच्या वयाचा. मूल वर्षाच्या आत असेल तर तारखेचं मोठं काम घेऊ नये. त्या काळात नोंदी करा. फोनला बोलून मराठी टंकता येतं, हात कणकेत असला तरी चालतं. हे काही नवीन नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या काम करता करता ओव्या रचायच्या आणि मुलगा सोपानदेव व एक नातलग ते लिहून घ्यायचे. त्यांच्या निधनानंतर 1952 मध्ये पुस्तक आलं आणि महाराष्ट्राला ती कविता कळली. तेव्हा लिहून घेणारं माणूस लागायचं, आज फोन आहे. चुका भरपूर होतात, आमच्या एकीच्या फोननं ‘ठेचा’चं ‘ठेका’ केलं होतं, पण विचार हातचा जात नाही.

एक ते तीन वर्षं म्हणजे मूल पायात येतं तो काळ. तेव्हा मुद्रितशोधन, पाचशे शब्दांची टिपणं, मधेच सोडून परत धरता येईल असं काम. तीन वर्षांनंतर अंगणवाडी सुरू होते, सकाळचे दोन-तीन तास मिळतात. आता आमची एक सक्त सूचना. त्या तासांत भांडी घासू नका. भांडी मूल घरी असतानाही घासता येतात, लिहिता येत नाही. त्या वेळेत सगळ्यांत अवघड लेखन करा. मूल शाळेत गेलं की मग पुस्तक, दीर्घ अनुवाद.

तिसरा हिशेब वर्षाचा. आपल्याकडे दिवाळी अंकांची परंपरा ‘मनोरंजन’च्या 1909 च्या अंकापासूनची. आजही अनेकींचं पहिलं मानधन तिथूनच येतं. संपादकांची पत्रं साधारण मे-जूनपासून यायला लागतात, साहित्य ऑगस्टपर्यंत जावं लागतं. आता आपल्या जिल्ह्यात जून म्हणजे काय? पेरणी. सोयाबीन, कपाशी, माणसं शेतात, बायका डबे घेऊन बांधावर. वर विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे दप्तरं, गणवेश. त्याच महिन्यात लेख लिहायला बसलात तर तो होणार नाही. आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत कच्चा खर्डा करून ठेवतो. जूनमध्ये फक्त धुऊनपुसून पाठवायचा.

चौथा हिशेब हक्काचा आणि पैशाचा. इथं जरा नीट ऐका, शक्य असेल तर लिहून घ्या.

कॉपीराइट कायदा 1957 चा. तुम्ही कुणाच्या नोकरीत नसाल तर लेखनाचा पहिला मालकी हक्क तुमचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि तुमच्या सहीनं द्यावा लागतो. तोंडी हक्क जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली की थांबा, विचारा. अनुवादकाचं नाव कुठे छापणार हेही करारात घ्या. करार म्हणजे स्टॅम्पपेपरच हवा असं मनात धरून बसू नका. निदान एक ईमेल तरी हवा. काम कोणतं, शब्द किती, पैसे किती, कधी देणार. समोरून ‘मान्य’ असं उत्तर येईपर्यंत पहिलं पान उघडू नका.

दुसरं, उद्यम नोंदणी. सूक्ष्म उद्योगाची ही नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट होते. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. फायदा असा, की 2006 च्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज लागतं आणि तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे. अट एकच, नोंदणी काम घेण्याच्या आधीची असावी. आम्ही आजवर तक्रार केलेली नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘45 दिवस’ एवढं छापायला लागल्यापासून पैसे लवकर येतात.

तिसरं, मानधनातून अनेकदा 10 टक्के कर कापून घेतात. तो बुडाला असं समजू नका. तुमच्या पॅनवर तो जमा दिसतो, आणि तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. आमच्यातल्या एकीनं तीन वर्षं हे केलंच नव्हतं.

पाचवा हिशेब घराचा, आणि हाच सगळ्यांत अवघड. घरच्यांचं मत असं, की बाई घरी आहे म्हणजे मोकळी आहे. भांडून हे बदलत नाही. आम्ही एक केलं. लेखनाचे पैसे येतात ते खातं वेगळं ठेवलं आणि त्यातून घरातला एक ठरलेला खर्च उचलला. कुणी मुलाची शाळेची फी, कुणी गॅस सिलिंडर. खर्च छोटा का असेना, दर महिन्याला ठरलेला. ज्या सासूबाईंनी ‘भेटलं काय वं’ विचारलं होतं, त्याच आता आलेल्या बाईला दारातूनच सांगतात, ‘ते कामावर आहे, दुपारून ये.’ ओट्याशी बसलेल्या सुनेला ‘कामावर आहे’ म्हणणं, आमच्या दृष्टीनं हा खरा पगार.

मिळकत किती, हे विचाराल. खोटं सांगणार नाही. आमच्यातल्या कुणाचंही घर केवळ लेखनावर चालत नाही. काही महिने बरे जातात, काही कोरडे. कोरड्या महिन्यांसाठी चांगल्या महिन्यातला तिसरा हिस्सा बाजूला ठेवतो. हे माहीत असून उतरायचं असेल तरच उतरा.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, ‘आता यंत्रच अनुवाद करतं, मग आम्हाला कोण विचारणार?’ प्रश्न बरोबर आहे. काम बदललंय. यंत्रानं केलेला मजकूर दुरुस्त करून द्या, अशी कामं येतात आणि दर कमी सांगतात. आधी एक पान मागून घ्या. ते दुरुस्त करायला नव्यानं लिहिण्याएवढाच वेळ लागत असेल तर दरही नव्याचाच सांगा. आणि जे तुमच्याकडेच आहे ते लिहा. मलकापूरच्या स्टेशनावरची, लोणारच्या काठावरची, आपल्या आजीच्या तोंडची वऱ्हाडी तुमच्या कानात आहे. ती लिहून मागणारे संपादक आहेत.

जाता जाता एक काम देतो. आज घरी गेल्यावर लेख लिहू नका. वहीचं एक पान घ्या आणि उद्याचे तुमचे खरे दोन तास कोणते, ते लिहा. दोन नसतील तर एक लिहा. मग ते पान घरातल्या एका माणसाला दाखवा. पहिला लेख तुम्ही एकटीनं लिहाल. दुसऱ्यासाठी त्या माणसाला ते पान माहीत असावं लागतं.

त्या मागच्या ओळीतल्या बाळाचे विशेष आभार, तो अगदी शेवटपर्यंत झोपला.